कर्ता आणि करविता

आपल्या भाषेंत 'कर्ता-करविता' हा जोडशब्द बहुधा परमेश्वराला लावण्यांत येतो. करणाराहि तोच आणि करवून घेणाराहि तोच, असें एकदां म्हटलें कीं श्रेयाचा आणि दोषाचा वाद आपोआप मिटतो. पण मनुष्याच्या व्यवहारांत हीं दोन्ही पदें एकाच्याच वांट्याला सहसा येत नाहींत. करणारा एक असतो, करवून घेणारा दुसरा असतो. आणि मग घडलेल्या कृत्याचें श्रेय कोणाचें, दोष कोणाचा, आणि करवून घेणाऱ्याचा करणाऱ्यावर अधिकार तरी किती, हे प्रश्न उभे राहतात. आईबाप, शाळामास्तर, सेनापति, नाटकाची तालीम घेणारा, या साऱ्यांनाच ते केव्हां ना केव्हां भेटतात. परंतु आयुष्याचा पूर्वार्ध कर्ता म्हणून घालवून उत्तरार्धांत ज्याला केवळ करविता व्हावें लागतें, त्याच्या ठिकाणीं या प्रश्नांना जी धार चढते ती इतरत्र क्वचितच चढत असेल. असा मनुष्य म्हणजे मैदानावरून निवृत्त होऊन प्रशिक्षक झालेला खेळाडू. प्रस्तुत लेखांत त्याच्या निमित्तानें या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

सोलापूर हें गिरण्यांचें आणि मागांचें गांव. हाताला वळण लावणें म्हणजे काय, हें येथें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. हातमागावर बसलेल्या मुलाचा धोटा चुकला तर शेजारीं उभा असलेला बाप त्याला बाजूला सारून स्वतः बसूं शकतो. दोन हात कापड मुलाचें आणि दोन हात बापाचें असें एकाच चादरींत विणलें जातें आणि विकत घेणाराला त्यांतला भेद कळतहि नाहीं. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ही सोय नाहीं. मैदानाच्या कडेला चुन्याची एक रेघ असते आणि खेळ चालू असतां ती ओलांडण्याची त्याला मुभा नसते. नव्वद मिनिटें त्यानें कडेला उभें राहून पाहावयाचें, फार तर ओरडावयाचें, आणि नियमानें ठरवून दिलेल्या संख्येइतके खेळाडू बदलावयाचे. चेंडू समोरून घरंगळत जात असतो. तो कोठें व केव्हां मारावा हें त्याच्या पायाला वीस वर्षांच्या संवयीनें ठाऊक असतें. पण मारावयाचा असतो तो दुसऱ्यानें. कर्त्याचा करविता झाल्यावर पहिला घाव पडतो तो हा.

या स्थित्यंतराला आमच्या इकडे एक व्यावहारिक बाजूहि आहे. मुंबईस नांवाजलेले पुष्कळसे फुटबॉल-संघ एकेकाळीं कंपन्यांचे होते. टाटा, मफतलाल, महिंद्र अशा संघांतून खेळणारा मनुष्य बहुधा त्या कंपनीचा नोकर असे. पाय थकले म्हणजे तो मैदानावरून उठून कचेरींतल्या टेबलापाशीं जाऊन बसे आणि त्याच्या संसाराचा गाडा चालू राहत असे. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि निव्वळ खेळावर पोट भरणाऱ्या खेळाडूचा वर्ग हळूहळू वाढूं लागला. त्याला पैसा अधिक मिळतो, पण त्याची नोकरी कराराइतकी आणि शरीर साथ देईल तितकीच. पस्तिशीच्या सुमारास, ज्या वयांत वकील नुकता कोठें नांवारूपाला येत असतो, त्या वयांत याची विद्या निरुपयोगी ठरते. मग त्या विद्येचें करावयाचें काय? ती दुसऱ्याला देणें हाच एक मानाचा मार्ग उरतो.

गोव्याचे श्री. डेरिक परेरा यांची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९६२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ साळगावकर संघाचे बचावपटू म्हणून पुढें आले आणि भारताच्या संघांतूनहि खेळले. निवृत्तीनंतर ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखालीं मुंबईच्या महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालची राष्ट्रीय लीग जिंकली. महाराष्ट्रांतील संघाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढें २०१० सालीं मालकांनीं तो संघच बंद केला. परेरा पुण्याच्या 'पुणे एफ. सी.' संघाकडे आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखालीं २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें तो संघ दुसरा आला. आज तोहि संघ अस्तित्वांत नाहीं. बचावपटूचें काम मुळांतच असें कीं, तें उत्तम साधलें म्हणजे कांहींच घडत नाहीं. जो गोल झाला नाहीं त्याची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं. प्रशिक्षकाचें काम त्याहूनहि अदृश्य. गोल करणाराचें नांव निदान धावफलकावर राहतें; करवित्याचें काम दुसऱ्यांच्या पायांत राहतें, आणि संघ मोडला म्हणजे तेहि पाय दाही दिशांना पांगतात. ज्याला कीर्तीची चटक लागली आहे त्यानें हा धंदा पत्करूं नये, इतकें तरी यावरून सिद्ध होतें.

आतां सामान्य समजूत अशी कीं, जो उत्तम खेळला तोच उत्तम शिकवील. या समजुतीची परीक्षा कालिदासानें फार पूर्वींच केली आहे. 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठत्वाबद्दल तंटा लागतो. निवाड्याला बसलेली परिव्राजिका म्हणते कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायींच शोभते, कोणाला ती दुसऱ्याच्या ठायीं उतरविण्याची हातोटी विशेष असते, आणि ज्याला दोन्ही साधतात त्यालाच शिक्षकांत अग्रस्थान द्यावें. म्हणून परीक्षा घ्यावयाची ती आचार्यांच्या नृत्याची नव्हे, त्यांच्या शिष्यांच्या नृत्याची. फुटबॉलच्या इतिहासानें या निवाड्याला पुष्कळ दाखले पुरविले आहेत. ब्राझीलचे झागालो यांनीं १९५८ व १९६२ सालीं खेळाडू म्हणून आणि १९७० सालीं प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकला. जर्मनीचे बेकेनबाउर यांनीं १९७४ सालीं कर्णधार म्हणून आणि १९९० सालीं प्रशिक्षक म्हणून. दोन्ही विद्या साधलेले असे पुरुष विरळा. उलट, ज्याच्या पायांत साक्षात् सरस्वती होती असें म्हणावें, त्या मॅराडोनाच्या हाताखालचा आर्जेन्टिनाचा संघ २०१० सालीं जर्मनीकडून शून्य विरुद्ध चार गोलांनीं हरला. आणि इटलीचे आरिगो साक्की हे तर एके काळीं जोड्यांचे विक्रेते होते; व्यावसायिक फुटबॉल ते कधीं खेळलेच नाहींत; तरी त्यांच्या हाताखालीं मिलान संघानें १९८९ व १९९० अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचा चषक जिंकला.

असें कां व्हावें? आम्हांला वाटतें, प्रतिभावान् खेळाडूला आपण काय करतों हें पुष्कळदां ठाऊकच नसतें. त्याचा पाय विचाराच्या आधीं पडतो. जें त्याला विनासायास मिळालें तें दुसऱ्याला कां जमूं नये, हें त्याला उमगत नाहीं. तो अधीर होतो, आणि अधीरता हा शिक्षकाचा सर्वांत मोठा दोष होय. ज्याला प्रत्येक गोष्ट झगडून मिळवावी लागली, त्याला वाटेवरचा प्रत्येक दगड आठवत असतो. आपल्याकडे क्रिकेटमधलें उदाहरण सर्वांच्या तोंडीं आहे. कै. रमाकांत आचरेकर यांच्या नांवावर प्रथम दर्जाचा सामना अवघा एक. पण शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनीं घडविलेल्या शिष्यांत सचिन तेंडुलकरांचें नांव आहे. खेळाडूनें प्रशिक्षक होणें म्हणजे जुन्या धंद्याची बढती नव्हे. तो दुसराच धंदा आहे आणि त्याला उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. आज फुटबॉलच्या प्रशिक्षकाला परवान्याच्या एकेक पायरीची परीक्षा द्यावी लागते, त्यांत हेंच तत्त्व मान्य केलेलें आहे.

येथवर प्रश्न कौशल्याचा झाला. नीतीचा प्रश्न याच्या पुढचा आहे.

मराठी मुलखाला प्रशिक्षक हा शब्द नवा असला तरी ती संस्था नवी नाहीं. तालमींतला वस्ताद हा आपला जुना प्रशिक्षक. कोल्हापुरांत तर फुटबॉलच्या संघांनाहि तालमींचीं नांवें आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम हे संघ मातींतल्या कुस्तीचा वारसा हिरवळीवर घेऊन आले आहेत. या वस्तादाविषयीं लोकांत एक समजूत आहे, ती अशी कीं तो पठ्ठ्याला सगळे डाव शिकवितो, पण एक हातचा राखून ठेवतो. शेख सादीच्या 'गुलिस्तान'मध्येंहि अशी कथा आहे. तीनशें साठ डाव जाणणाऱ्या मल्लानें आपल्या आवडत्या शिष्याला तीनशें एकोणसाठ शिकविले. शिष्य उन्मत्त होऊन गुरूपेक्षां आपण कमी नाहीं असें राजापुढें म्हणाला. कुस्ती ठरली, आणि गुरूनें राखून ठेवलेल्या शेवटच्या डावानें त्याला उचलून आपटलें. ऐकणारे गुरूच्या दूरदृष्टीची वाहवा करतात. आम्हांला मात्र या कथेंत गुरूचा जय दिसत नाहीं. ज्यानें एक डाव राखला तो मनांतून अजून कर्ताच होता. आखाड्यांतून तो निघालाच नव्हता. शिष्य उन्मत्त होईल ही भीति खरी असेल, पण तिच्यावर उपाय डाव लपविणें हा नव्हे. शिष्याकडून पराभव इच्छावा, असें जुन्या लोकांनीं सांगून ठेवलें आहे तें कांहीं शोभेसाठीं सांगितलेलें नाहीं. कर्तेपण खरोखर सुटलें कीं नाहीं याची तीच कसोटी आहे.

परंतु राखून ठेवणें हें जुन्या गुरूचें पाप होतें. आजच्या गुरूचें पाप बहुधा याच्या उलट असतें. त्याला स्वतःचें सारें कांहीं शिष्यांत ओतावयाचें असतें. त्यांत विद्येबरोबर आपली हुकलेली संधि, आपला न जिंकलेला चषक, आपला अपमान, हेंहि तो ओततो. शिष्य हा त्याला दुसरा जन्म वाटतो. रेघेच्या अलीकडे उभें राहून तो शिष्याच्या पायांनीं स्वतःच खेळत असतो. ही गोष्ट वरून त्यागासारखी दिसते, म्हणून ती ओळखणें कठीण. पण राखून ठेवणाऱ्या वस्तादापेक्षांहि ती अधिक हानि करते, कारण वस्तादानें शिष्याचा एक डाव घेतला, हा त्याचें सारें आयुष्यच मागून घेतो.

आणि येथेंच सर्वांत अवघड प्रश्न येतो. करवित्याला कर्त्याचा देह पणाला लावण्याचा अधिकार आहे काय? १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सामने झाले. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळाशिक्षक. संघाच्या बचावाचा खांब जर्नेलसिंग यांच्या डोक्याला एका सामन्यांत जबर जखम झाली. रहीम यांनीं त्यांना घरीं बसविलें नाहीं. बचावांतून काढून उलट आघाडीला खेळविलें. जर्नेलसिंग यांनीं उपांत्य सामन्यांत गोल केला, अंतिम सामन्यांतहि केला, आणि दक्षिण कोरियाचा दोन विरुद्ध एक असा पराभव होऊन भारताला सुवर्णपदक मिळालें. रहीम त्या वेळीं कर्करोगानें आजारी होते. पुढच्याच वर्षीं जूनमध्यें ते वारले. ही हकीकत आपण अभिमानानें सांगतों, आणि तो अभिमान रास्तहि आहे. पण क्षणभर असें समजा कीं, त्याच सामन्यांत ती जखम पुन्हा उघडली असती. मग हाच निर्णय आपण अविचाराचा, कदाचित् क्रौर्याचाहि म्हटला असता. निर्णय तोच, मनुष्य तोच. बदललें तें केवळ फळ. फळावरून नीति ठरवावयाची नसेल, तर कशावरून ठरवावयाची?

कोणी म्हणेल, कर्त्याच्या संमतीवरून. त्याची खुषी असेल तर करवित्याला दोष नाहीं. पण शिष्याची संमति ही वस्तु फार नाजूक आहे. एकलव्यानें अंगठा कापून दिला तो आनंदानें दिला; द्रोणाचार्यांनीं त्याच्यावर जबरदस्ती केली नव्हती. तरीहि त्या मागणीचें समर्थन करण्याला आजवर कोणाचें मन सहजीं धजलेलें नाहीं. गुरूनें मागावें आणि शिष्यानें नाहीं म्हणावें, ही शक्यताच जेथें नसते, तेथें होकाराला किंमत ती काय? आपल्या सरकारनें १९८५ सालीं क्रीडा-प्रशिक्षकांसाठीं पुरस्कार सुरू केला आणि त्याला द्रोणाचार्यांचें नांव दिलें. नांव देणाऱ्यांच्या मनांत अर्जुन असणार, हें उघड आहे. पण त्या नांवाबरोबर एकलव्यहि आला आहे, आणि तो आला हें आमच्या मतें बरेंच झालें. पुरस्कार घेणाऱ्या प्रत्येकाला त्या नांवानें दोघांचीहि आठवण राहावी.

तेव्हां आमचें मत असें कीं, शिष्याच्या होकारानें करविता मोकळा होत नाहीं. ज्याला नकार देणें शिष्याला अशक्य आहे, त्यानेंच तो नकार शिष्याच्या वतीनें आपल्या मनांत उच्चारून पाहिला पाहिजे. हें मी याच्यासाठीं मागतों आहें कीं माझ्यासाठीं, हा प्रश्न त्याला दुसरें कोणी विचारूं शकत नाहीं. रहीम यांच्या निर्णयाचें समर्थन होऊं शकेल तें सुवर्णपदकावरून नव्हे. आपलें आयुष्य संपत आलें असतां ते स्वतःसाठीं कांहीं मागत नव्हते असें मानण्यास जागा आहे, यावरून.

दोषाच्या बाबतींतहि असेंच. संघ हरला कीं प्रशिक्षकाला काढून टाकतात. अकरा जणांना काढतां येत नाहीं म्हणून एकाला काढतात. यांत अन्याय आहे, पण केवळ अन्यायच आहे असें नाहीं. जबाबदारी घ्यावयाची तर अधिकारहि हवा, हें मात्र त्याला मागतां आलें पाहिजे. याचा एक उत्तम दाखला सोलापुरांत जन्मलेल्या पुरुषाचा आहे, आणि तो फुटबॉलचा नसला तरी येथें शोभेल. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजीं या गांवीं झाला. ५९ कसोटी सामने, ३,६३१ धावा आणि १२ शतकें, हा त्यांचा हिशेब. १९५५ सालीं हैदराबाद येथें न्यूझीलंडविरुद्ध काढलेल्या २२३ धावा हें भारतीयाचें पहिलें कसोटी द्विशतक. १९५९ च्या जानेवारींत मद्रास येथें वेस्ट इंडीजविरुद्धच्या सामन्यासाठीं ते कर्णधार होते. संघांत कोणाला घ्यावें याविषयीं मंडळाच्या अध्यक्षांशीं मतभेद झाला, आणि सामना तोंडावर आला असतां त्यांनीं कर्णधारपद सोडून दिलें. जो संघ आपण निवडला नाहीं त्याच्या यशापयशाचा धनी होण्याचें त्यांनीं नाकारलें. याच उम्रीगरांनीं खेळ संपल्यावर संघांचे व्यवस्थापक म्हणून दौरे केले, निवड समितीचें अध्यक्षपद सांभाळलें, क्रिकेट कसें शिकवावें यावर पुस्तक लिहिलें, आणि वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीची देखरेखहि केली. ज्यानें खेळपट्टीवर उभें राहून शतकें काढलीं, त्यानें दुसऱ्यांच्या शतकांसाठीं ती खेळपट्टी तयार करावी, यापेक्षां करवित्याच्या धर्माचें अधिक सरळ चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. खेळपट्टी खेळणाराला मदत करते. पण त्याच्या वतीनें खेळत नाहीं.

हा विचार मैदानापुरता राहिला असता तर त्यासाठीं वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. सोलापुरांत सुटीच्या दिवसांत पार्क मैदानाच्या बाजूनें गेलें कीं कडेला उभे राहिलेले पालक दिसतात. मुलगा चेंडूमागें धांवत असतो आणि बापाचा पाय जागच्या जागीं हालत असतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. तें प्रेमच आहे. पण घरीं परततांना जो संवाद होतो त्यांत पुष्कळ बाप प्रशिक्षक होतात, आणि पुष्कळ प्रशिक्षक मनांतून खेळाडूच राहिलेले असतात. परीक्षेचे गुण, गाण्याची मैफल, परदेशांतली पदवी, या साऱ्यांच्या कडेला अशी एकेक रेघ असते आणि तिच्या अलीकडे उभे राहिलेले आपण असतों. मुलानें काय करावें यापेक्षां आपलें काय राहून गेलें याचाच हिशेब आपल्या सूचनांत अधिक असतो. आणि मुलगा नाहीं म्हणत नाहीं, कारण त्यालाहि तो अंगठा आनंदानें द्यावासा वाटतो.

२०१३ सालीं निवृत्त होतांना तेंडुलकरांनीं मैदानावरून सांगितलें कीं, सरांनीं आपल्याला कधींहि 'छान खेळलास' असें म्हटलें नाहीं. आपण निर्धास्त होऊं असें त्यांना वाटे. हें मौन कठोर होतें आणि प्रत्येकानें त्याचें अनुकरण करावें असें आम्ही म्हणणार नाहीं. स्तुतीच्या एका शब्दावांचून सुकून गेलेलीं मुलेंहि थोडीं नाहींत. पण त्या मौनाला एक दुसरा अर्थहि आहे. शिष्याच्या शतकाची पावती घेण्यासाठीं गुरु पुढें आला नाहीं. खेळ शिष्याचा, शतक शिष्याचें. तें आपल्या खात्यावर मांडण्याची घाई त्यानें केली नाहीं.

करवित्याच्या हातीं कृत्य राहत नाहीं. तें त्यानें कर्त्याच्या स्वाधीन केलेलें असतें. त्याच्या हातीं राहतात त्या तीन गोष्टी: जें आपल्याला येतें तें कांहींहि न राखतां देणें, आपलें जें राहून गेलें तें न मागणें, आणि हार झाली असतां पहिला दोष आपल्याकडे घेणें. यांतली एकहि गोष्ट धावफलकावर दिसत नाहीं. पण ज्याला या तिन्ही साधल्या, तो मैदानावरून निवृत्त झाला असें म्हणतां येणार नाहीं. ज्याला त्या साधल्या नाहींत, तो रेघेच्या अलीकडे उभा असला तरी मुलांच्या मैदानांत विनाकारण शिरलेला आहे, आणि त्याला बाहेर काढण्याला तेथें पंच नसतो.